ह्युमिडॉर

ह्युमिडॉर म्हणजे सिगार, चिरूट किंवा पाइपची तंबाखू ठराविक आर्द्रतेत साठवण्यासाठी वापरली जाणारी पेटी, कपाट किंवा खोली होय. सिगार हा पूर्णतः तंबाखूच्या पानांचा बनलेला असून ही पाने आर्द्रताशोषी असतात. भोवतालची हवा दमट असेल तर ती पाणी शोषून घेतात, कोरडी असेल तर गमावतात. कुरकुरीत पापड पावसाळ्यात उघडा राहिला की सादळतो, त्याच भौतिक क्रियेला सिगारही बळी पडतो. फरक इतकाच, की पापड सादळू नये एवढेच पाहावे लागते, तर सिगार सादळूही नये आणि वाळूही नये अशी दुहेरी अट असते. म्हणून ह्युमिडॉरमधील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६५ ते ७२ टक्क्यांच्या दरम्यान आणि तापमान १८ ते २१ अंश सेल्सियसच्या आसपास राखले जाते.

नाव आणि पूर्वपीठिका

‘दमट’ ह्या अर्थाच्या ‘ह्युमिड’ ह्या विशेषणापासून ‘ह्युमिडॉर’ हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत रूढ झाला. मराठीत त्यास स्वतंत्र प्रतिशब्द रूढ नाही. ‘सिगारपेटी’ म्हटले तर विक्रीसाठीचा साधा खोकाही त्यात येतो, आणि तो आर्द्रता राखत नाही.

क्यूबातील कारखान्यांत वळलेले सिगार लगेच खोक्यांत भरले जात नाहीत. वळताना पाने लवचीक राहावीत म्हणून ती ओलसर केलेली असतात. हे जादा पाणी हळूहळू निघून जावे यासाठी सिगार देवदारासारख्या सुगंधी लाकडाची कपाटे असलेल्या थंड खोल्यांत काही आठवडे ठेवतात. ह्या कपाटांना स्पॅनिशमध्ये ‘एस्कापाराते’ म्हणतात. यूरोपात गेल्यावर मात्र प्रश्न उलटा होत असे. हिवाळ्यात तापवलेल्या घरांतील हवा अत्यंत कोरडी असल्याने कॅरिबियन हवेत तयार झालेला सिगार काही दिवसांत कडक होऊन तडकत असे. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर १९०७ मध्ये दुकान उघडणाऱ्या आल्फ्रेड डनहिल यांच्या पेढीने ग्राहकांचे सिगार योग्य आर्द्रतेत सांभाळण्याची सोय केली. जिनीव्हा येथील व्यापारी झिनो डेव्हिडॉफ (१९०६–१९९४) यांना हवामान-नियंत्रित तळघर आणि घरगुती मेजावरील पेटी ह्या दोन्ही कल्पना लोकप्रिय करण्याचे श्रेय दिले जाते.

सर्वच सिगारांना ह्युमिडॉर लागत नाही. नेदरलँड्समध्ये बनणारे छोटे ‘कोरडे’ सिगार मुळातच कमी आर्द्रतेत वापरण्यासाठी तयार केलेले असतात.

सापेक्ष आर्द्रता

हवेत प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाचा दाब आणि त्याच तापमानास हवा संपृक्त झाली असता असू शकणारा बाष्पदाब यांच्या गुणोत्तरास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ती टक्क्यांत सांगतात. येथे ‘त्याच तापमानास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर संपृक्त हवेत सुमारे १७.३ ग्रॅम बाष्प असते, २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ३०.४ ग्रॅम. म्हणजे २० अंशांवरील ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे १२ ग्रॅम बाष्प असते. हीच हवा बाष्पात काहीही भर न घालता ३० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांवर येते.

या हिशोबावरून पेटी थोडी तापली की सिगार लगेच वाळतील असा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. दहा लिटर आकारमानाच्या पेटीतील ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत सगळे मिळून जेमतेम ०.१२ ग्रॅम पाणी असते, म्हणजे दोन-तीन थेंब. याउलट त्याच पेटीतील ५० सिगारांचे वजन सुमारे अर्धा किलोग्रॅम धरले आणि त्यांचा आर्द्रतांश १३ टक्के मानला, तर त्यांत ५५ ते ६० ग्रॅम पाणी असते. शिवाय लाकडी अस्तरातही पाणी असतेच. पाण्याचा खरा साठा हवेत नसून पानांत व लाकडात असतो. तापमान वाढताच पाने आणि लाकूड किंचित पाणी सोडतात व हवेतील तूट क्षणात भरून निघते. पानाचा आर्द्रतांश मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेवर अवलंबून असतो, तापमानावर त्यामानाने थोडा. म्हणूनच भरलेली पेटी स्थिर राहते आणि रिकामी किंवा अर्धी पेटी चंचल असते. झाकण उघडल्यावर आर्द्रतामापकाचा काटा एकदम खाली आला तरी काळजीचे कारण नसते. बाहेर गेली ती केवळ हवा.

पेटीच्या स्थैर्याचे मोजमाप करण्याची उपयुक्त कल्पना संग्रहालयशास्त्रातून आली आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील वैज्ञानिक गॅरी टॉमसन यांनी १९७७ मध्ये प्रदर्शन-पेट्यांसाठी ‘आर्द्रतेचा अर्धकाल’ मांडला. पेटीच्या आतील आणि बाहेरील आर्द्रतेतील फरक निम्मा होण्यास जितका काळ लागतो तो हा अर्धकाल. झाकण जितके घट्ट आणि आतील आर्द्रताशोषी द्रव्य जितके जास्त, तितका तो मोठा. ह्युमिडॉर ही याच तत्त्वावरची छोटी प्रदर्शन-पेटी म्हणता येईल.

योग्य आर्द्रता किती

इंग्रजी भाषक देशांत ‘सत्तर-सत्तर’ हा नियम दीर्घकाळ प्रचलित आहे: ७० अंश फॅरनहाइट (सुमारे २१ अंश सेल्सियस) आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता. त्याची लोकप्रियता अचूकतेपेक्षा लक्षात ठेवण्याच्या सोयीमुळे अधिक असावी. आज अनेक संग्राहक ६५ ते ६९ टक्के पसंत करतात, आणि क्यूबन सिगारांसाठी ६२ ते ६५ टक्क्यांपर्यंतही खाली येतात. एका संख्येवर काटेकोर राहण्यापेक्षा चढउतार टाळणे अधिक महत्त्वाचे असते, कारण सिगारचे तीन भाग, म्हणजे आतील भरण, त्यास धरून ठेवणारे बांधपान आणि सर्वांत वरचे आवरणपान, एकाच वेगाने पाणी शोषत नाहीत. हवा अचानक दमट झाली तर आतील भरण फुगते, पातळ आवरणपानास तेवढे ताणता येत नाही, आणि ते चिरते. उलट एकाएकी कोरड पडली तर आवरणपान आधी आकसते व ठिसूळ होते.

वाळलेला सिगार भराभर व अधिक तापून जळतो, त्याचा धूर कडवट लागतो आणि पानांतील सुगंधी तेले काही प्रमाणात कायमची उडून जातात. नंतर आर्द्रता परत देता येते, तेले देता येत नाहीत. अतिओला सिगार पेटत नाही, वाकडा जळतो, वारंवार विझतो आणि भरण फुगल्याने त्यातून हवा ओढली जात नाही. वाळलेला सिगार पूर्ववत करायचा झाल्यास तो थेट ७० टक्क्यांत ठेवत नाहीत. आधी ६० टक्क्यांच्या आसपास व मग आठवड्या-आठवड्याने वर नेतात.

रचना आणि लाकूड

मेजावरील पेट्यांच्या आत बहुधा ‘स्पॅनिश सीडर’ नावाच्या लाकडाचे अस्तर असते. हे लाकूड स्पेनचेही नाही आणि सीडरही नाही. ‘सेड्रेला ओडोराटा’ हा वृक्ष मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांत वाढतो आणि कडुनिंब व महोगनी यांच्या निंबकुलातील (मेलिएसी) आहे. भारतातील तूण हा त्याचा निकटचा नातलग असून पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा समावेश सेड्रेला याच प्रजातीत करीत. खऱ्या देवदाराचे लाकूड मात्र ह्युमिडॉरसाठी अयोग्य समजले जाते, कारण त्याचा उग्र वास तंबाखूत उतरतो. अतितोडीमुळे सेड्रेला प्रजातीचा समावेश २०१९ च्या जिनीव्हा परिषदेत ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये झाला व ही नोंद ऑगस्ट २०२० पासून लागू झाली. त्यामुळे ह्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास परवाना लागतो. महोगनीचे अस्तर हा जुना पर्याय आहे.

झाकण पूर्ण हवाबंद नसते, पण पुरेसे घट्ट असावे लागते. ते हातातून सोडल्यास आतील हवेच्या उशीवर अलगद मिटले पाहिजे. कागदाची पट्टी कडेत धरून झाकण लावावे आणि ओढून पाहावे, किंवा पेटलेली विजेरी आत ठेवून अंधारात कुठून प्रकाश झिरपतो ते पाहावे, अशा साध्या चाचण्या प्रचलित आहेत. काचेच्या झाकणाच्या पेट्या देखण्या असतात, परंतु काचेच्या कडेतून गळती होण्याचा संभव अधिक असतो.

नव्या पेटीची पूर्वतयारी

नव्या ह्युमिडॉरमध्ये लगेच सिगार ठेवणे ही नवख्यांकडून सर्वाधिक होणारी चूक होय. ३० टक्के आर्द्रतेच्या दुकानात राहिलेल्या लाकडाचा समतोल आर्द्रतांश सुमारे ६ टक्के असतो. ७० टक्क्यांना तो सुमारे १३ टक्के होतो. अस्तराचे लाकूड दोन किलोग्रॅम धरल्यास हा टप्पा गाठण्यासाठी त्याला सुमारे १४० ग्रॅम पाणी हवे. आत सिगार असतील तर कोरडे लाकूड ते पाणी त्यांच्याकडूनच खेचून घेते.

म्हणून आधी रिकाम्या पेटीत ऊर्ध्वपातित पाण्याची उथळ वाटी किंवा ओला केलेला स्वच्छ स्पंज, खाली प्लास्टिकचा तुकडा घालून, काही दिवस ठेवतात. ८४ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहणाऱ्या तयार पुड्या वापरल्यास साधारण दोन आठवडे लागतात. ओल्या फडक्याने लाकूड पुसून काढण्याची जुनी पद्धत जलद असली तरी धोक्याची आहे: पृष्ठभाग एकदम भिजतो, आतील थर कोरडा राहतो आणि फळी वाकते.

आर्द्रतामापक आणि मिठाची चाचणी

आर्द्रता मोजण्याचे उपकरण चुकत असेल तर बाकी सारी खबरदारी व्यर्थ ठरते. स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये मानवी केसाच्या आधारे आर्द्रतामापक तयार केला; पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेल्यास केस सुमारे दोन ते अडीच टक्के लांबतो. आजही काही तबकडीच्या मापकांत केस किंवा तत्सम कृत्रिम धागा असतो. स्वस्त पेट्यांसोबत येणाऱ्या तबकडीत मात्र धातूच्या पट्टीवर आर्द्रताशोषी कागद चिकटवून केलेली गुंडाळी असते व तिची चूक दहा टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. अंकीय मापकातील संवेदक पाणी शोषणाऱ्या बहुवारिकाच्या विद्युतधारितेतील बदल मोजतात. त्यांची अचूकता सामान्यतः दोन-तीन टक्क्यांच्या आत असते.

मापक तपासण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नसते, स्वयंपाकघरातील मीठ पुरते. कोणत्याही क्षाराचे संपृक्त द्रावण बंद जागेत ठेवले असता तेथील सापेक्ष आर्द्रता एका ठराविक मूल्यावर स्थिरावते. हवा अधिक दमट झाली तर क्षार बाष्प शोषून घेतो, कोरडी झाली तर द्रावणातून पाणी बाहेर पडते. जोवर न विरघळलेला क्षार आणि द्रावण दोन्ही शिल्लक आहेत तोवर हा समतोल टिकतो. मॅग्नेशियम क्लोराइडसाठी हे मूल्य २५ अंशांना सुमारे ३३ टक्के, पोटॅशियम आयोडाइडसाठी सुमारे ६९ टक्के आणि साध्या मिठासाठी सुमारे ७५ टक्के असते. मिठाचे वैशिष्ट्य असे, की १० ते ३० अंशांच्या टप्प्यात त्याचे मूल्य जवळजवळ बदलत नाही.

बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घेऊन त्यात थोडेच थेंब पाणी घालतात. ओल्या वाळूसारखा गोळा व्हावा. मीठ पूर्ण विरघळू देऊ नये, नाहीतर चाचणीचा आधारच जातो. हे टोपण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात, एकमेकांना न टेकता, किमान आठ तास आणि शक्यतो दिवसभर ठेवतात. त्यानंतर पिशवी न उघडता वाचन घ्यावे. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार टक्के कमी सांगतो. तबकडीच्या मापकास मागे स्क्रू असल्यास तो फिरवून काटा ७५ वर आणतात. अंकीय मापकात सोय नसल्यास फरक टिपून ठेवतात. वर्षातून एकदा तरी ही चाचणी केली जाते.

आर्द्रता राखण्याची साधने

पारंपरिक साधन म्हणजे छिद्रांच्या डबीत बसवलेला स्पंज, किंवा फुलांच्या रचनेसाठी वापरला जाणारा हिरवा फेस. नुसते पाणी घातल्यास तो फक्त बाष्प सोडत राहतो, थांबायचे कधी हे त्यास कळत नाही. म्हणून पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल समप्रमाणात मिसळतात. ग्लायकॉल पाण्याला धरून ठेवते, द्रावणावरील बाष्पदाब कमी करते आणि बुरशीला अटकाव करते. उडून जाते ते मुख्यतः पाणी, ग्लायकॉल मागे राहते. म्हणून पुढच्या वेळी भर घालताना केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालतात व मिश्रण काही महिन्यांनीच नव्याने देतात. नळाच्या पाण्यातील क्षार फेसाची छिद्रे बुजवतात.

सिलिका जेलचे मणी हे संग्रहालयांतून आलेले दुसरे साधन होय. विशिष्ट आर्द्रतेसाठी तयार केलेले मणी बाष्प सोडतातही आणि शोषतातही. तिसरे साधन म्हणजे वर वर्णन केलेले संपृक्त क्षारद्रावणाचे तत्त्व एका पुडीत बंद करणे. बाष्प आरपार जाऊ देणाऱ्या परंतु द्रव अडवणाऱ्या पटलाच्या ह्या पुड्या ६२, ६५, ६९, ७२ अशा निरनिराळ्या टक्क्यांसाठी मिळतात. अमेरिकेतील ‘बोव्हेडा’ हे त्यांतील परिचित नाव आहे. पुडी कडक झाली की ती बदलायची, एवढीच देखभाल उरते. मोठ्या कपाटांत पंखा व संवेदकासह विद्युत यंत्रणा असते.

दमट हवा जड असल्याने खाली उतरते व म्हणून साधन झाकणालाच लावावे, असे विधान अनेक माहितीपुस्तिकांत आढळते. वस्तुतः पाण्याचा रेणू नायट्रोजन व ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असल्यामुळे समान तापमानाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. छोट्या पेटीत बाष्पाच्या विसरणाने हा प्रश्नच उरत नाही. साधन झाकणात बसवतात ते सिगारांना जागा मिळावी म्हणून.

बुरशी आणि भुंगेरे

सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास ॲस्परजिलस, पेनिसिलियम यांसारख्या बुरशींना तंबाखूवर वाढीस वाव मिळतो. हिरवट, निळसर किंवा केसाळ पांढरे ठिपके ही तिची खूण. जुन्या सिगारांवर दिसणारी पांढरी भुकटी ही तेलांचे स्फटिक असून उत्तम मुरलेपणाचे लक्षण आहे, अशी संग्राहकांत समजूत आहे. तथापि अशा डागांपैकी बरेचसे प्रत्यक्षात बुरशीच असतात.

‘लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने’ हा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा तांबूस तपकिरी भुंगेरा अधिक विनाशक होय. साठवलेली हळद, सुंठ व मिरची पोखरणारा कीटक हाच. त्याची सूक्ष्म अंडी पानांसोबतच पेटीत येतात, आणि तापमान २४ अंशांच्या वर राहिल्यास अळ्या बाहेर पडून सिगारमध्ये टाचणीएवढी भोके पाडतात. १८ अंशांच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. ह्युमिडॉरचे तापमान मर्यादित ठेवण्यामागील मुख्य कारण आर्द्रता नसून हा कीटक आहे. लागण झाल्यास सिगार घट्ट पिशवीत घालून उणे १८ ते २० अंशांवर काही दिवस गोठवतात. पान चिरू नये म्हणून आधी आणि नंतर एक दिवस साध्या शीतकपाटात ठेवतात.

भारतीय हवामानात

‘चिरूट’ हा शब्द तमिळमधील गुंडाळी या अर्थाच्या ‘सुरुट्टु’ ह्या शब्दापासून आला, आणि तिरुचिरापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडपर्यंत पोहोचले होते. परंतु ह्युमिडॉरविषयीचे बहुतेक लेखन थंड व कोरड्या देशांतील अनुभवावर बेतलेले असल्याने त्यात ‘आर्द्रता कशी वाढवावी’ हाच प्रश्न प्रमुख असतो. मुंबई व कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तेथे पाण्याचा स्पंज ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच ठरते. अशा वेळी दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या पुड्या किंवा सिलिका मणी आणि घट्ट झाकण उपयोगी पडते. नागपूरसारख्या ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी हीच आर्द्रता २०–२५ टक्क्यांपर्यंत उतरते व पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा वाळणे आणि भुंगेरे ही दोन्ही संकटे एकत्र येतात. वातानुकूलित खोलीत तापमान सांभाळले जाते, मात्र वातानुकूलन यंत्र हवेतील बाष्प काढून टाकते.

आरोग्य

योग्य आर्द्रतेत साठवल्याने सिगारच्या धुराची घातकता कमी होत नाही. सिगार ओढल्याने मुख, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. धूर छातीत न घेणाऱ्यांनाही मुखाच्या कर्करोगाचा धोका राहतो. भारतात सिगार व चिरूट २००३ च्या सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने अधिनियमाच्या कक्षेत येतात.

अन्य उपयोग आणि प्रसिद्ध पेट्या

विनोदी अभिनेते मिल्टन बर्ल यांनी १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना भेट दिलेला ह्युमिडॉर १९९६ मधील सदबीज लिलावात ५,७४,५०० डॉलरला विकला गेला.

तंबाखूशी संबंध नसलेला सर्वांत परिचित ह्युमिडॉर बेसबॉलचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हर शहराच्या विरळ व कोरड्या हवेत चेंडू फार दूर जात असल्याने तेथील कोलोरॅडो रॉकीज संघाने २००२ पासून चेंडू आर्द्रता-नियंत्रित खोलीत ठेवण्यास सुरुवात केली. कोरडा चेंडू अधिक उसळतो. दमट हवेत राहिलेला किंचित जड व मऊ होतो. २०२२ पासून मेजर लीगच्या सर्व ३० मैदानांवर अशी व्यवस्था सक्तीची आहे. गिटार, व्हायोलिन यांसारखी लाकडी वाद्ये तडकू नयेत म्हणून त्यांच्या पेट्यांतही ४५ ते ५० टक्के आर्द्रता राखणारी लहान साधने वापरतात.